टर्बो गाडीला इथेनॉल पाजण्याआधी

मालवणच्या पंपावर आज गाडीत जे पेट्रोल पडतं, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो. म्हणजे गाडी इथेनॉलवर चालवावी का, या प्रश्नाचं थोडं उत्तर सरकारने आपल्याला न विचारताच देऊन टाकलं आहे. २०१४ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं आणि २०३० साठी ठेवलेलं वीस टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय पंपावर मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. तेव्हा जुनं पेट्रोल परत येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

उरलेलं उत्तर शोधणारे दोन तऱ्हेचे लोक भेटतात. एकाकडे पाच-सहा वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी असते आणि फोंडा घाट चढून आला की तो सांगतो, "गाडी पयल्यासारखी ओढणा नाय." दुसरा तरुण असतो. त्याने परदेशातले व्हिडिओ पाहिलेले असतात. टर्बो गाडीत ई-८५, म्हणजे ८५ टक्के इथेनॉलचं मिश्रण भरून, रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून, इंजिनातून कितीतरी जास्त ताकद काढतात हे त्याला तोंडपाठ असतं. पहिल्याचं काम होण्यासारखं आहे आणि मालवणातच होण्यासारखं आहे. दुसऱ्याला मी थांबायला सांगेन, पण त्याची कल्पना खुळचट आहे म्हणून नव्हे. शास्त्र त्याच्या बाजूचं आहे. पंप, कायदा आणि हिशोब नाहीत.

आधी शास्त्र. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते, दाबली की ती तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीनंतर भलतीकडेच आपोआप पेट घेऊ पाहतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. आमच्या कोकणात ते मे महिन्यात ऐकू येतं: चार माणसं, सामान, एसी सुरू, आंबोलीचा चढ आणि तिसऱ्या गिअरमध्ये दाबलेला ॲक्सिलरेटर. नॉक सेन्सरला खटखट कळली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कमी करतो आणि गाडी मंदावते. इथेनॉल इथे दोन अंगांनी मदत करतं. एक म्हणजे त्याचा ऑक्टेन क्रमांक १०८ च्या घरात आहे. आपलं साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ चं होतं. दुसरं, द्रवाची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता ओढून घेतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच थंड होते. साध्या इंजिनाला याचा फायदा थोडा. टर्बोला तो भरपूर, कारण टर्बोची मर्यादाच मुळी नॉकिंग ही असते.

आता दुसरी बाजू. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. ई-२० मध्ये, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये, लिटरमागे सात टक्के ऊर्जा कमी भरते. जळायला हवाही वेगळ्या प्रमाणात लागते: एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९. म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. ई-२० ला हा फरक किरकोळ आहे आणि ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू तो आपणहून भरून काढतो. ई-८५ ला तीस-चाळीस टक्के जास्त इंधन लागतं. तेवढं देणं मूळ इंजेक्टर आणि पंपाच्या आवाक्यात सहसा नसतं, आणि ईसीयूची आपणहून दुरुस्ती करण्याची हद्दही साधारण पंचवीस टक्क्यांपर्यंत असते.

ॲव्हरेज पडल्याची तक्रार यातूनच येते, आणि ती खोटी नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये जो आराखडा काढला, त्यातच लिहिलं आहे की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीची इंधनक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटते. ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाडीची एक ते दोन टक्के. पंधराचा ॲव्हरेज चौदावर आला तर दोष इंधनाचा समजा. पंधराचा अकरावर आला तर इथेनॉलच्या नावाने बोटं मोडण्याआधी एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि ब्रेक बघा.

तरुणांसाठी आता पैशांचा हिशोब. ब्राझीलमध्ये १९७९ पासून इथेनॉलच्या गाड्या आहेत आणि २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आहेत. तिथला गाडीवाला पंपावर एक सोपी गोष्ट बघतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. हीच फूटपट्टी इथे लावा. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर इथेनॉल साडेत्र्याहत्तरच्या खाली मिळायला हवं. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने कारखान्यांना दिलेला दर उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये होता, बी-हेवी मळीच्या इथेनॉलला ६०.७३ आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६. त्यावर ५ टक्के जीएसटी, टँकरचं भाडं, तेल कंपनीचा खर्च आणि पंपवाल्याचं कमिशन चढवा. मक्याचं इथेनॉल तर कारखान्याच्या दारातच, कर धरला की, पंचाहत्तरला जातं. घाटापलीकडे कोल्हापूर-सांगलीत उसाचे एवढे कारखाने असताना आपल्याला इथेनॉल स्वस्त पडायला हवं, असं वाटणं साहजिक आहे. आकडे तसं म्हणत नाहीत.

आणि भरणार कुठे? जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी ई-१०० चे प्रायोगिक पंप सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह पाच राज्यांत मिळून १८३ पंपांवर ते आणलं. पण मालवणच्या माणसाने ई-८५ साठी जुळवलेली गाडी घेऊन टाकी भरायला घाट चढायचा, यात परवडण्याचा प्रश्नच संपतो. शिवाय नुसत्या ई-८५ च्या मॅपवर चालणाऱ्या गाडीत वाटेत नाइलाजाने ई-२० भरलं तर टर्बोखाली नॉकिंग आलंच. म्हणून परदेशात नीट काम करणारे लोक कुठल्याही मिश्रणावर चालणारी गाडी करतात, नुसती इथेनॉलची नव्हे. ते काय असतं, ते पुढे सांगतो.

कायद्याचं एकदा नीट वाचून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचं इंधन बदलायचं असेल तर मान्यताप्राप्त किट बसवून नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. आपल्या एमएच-०७ साठी ते कार्यालय ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किटला जशी आराईसारख्या वाहन चाचणी संस्थेची मान्यता असते आणि आरसी बुकावर नोंद होते, तसा कागद इथेनॉल किट विकणाऱ्याने तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी दाखवला पाहिजे. कागद नाही तर किट नाही. ऑनलाइन मिळणारी इंजेक्टरच्या वायरीत खुपसायची छोटी डबी ही तर किटही नव्हे. ती इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवते, बूस्टशी आणि ठिणगीशी तिला देणंघेणं नसतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर दावा अडकतो, हेही ध्यानात असू द्या.

आता मुख्य काम. तुमच्याकडची टर्बो गाडी ई-२० ला धड आहे का आणि नसेल तर काय करायचं?

पहिल्यांदा गाडी कधीची आहे ते बघा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे इंधनाला लागणारे भाग ई-२० ला टिकतील असे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनाची जुळणीही ई-२० ला, असा नीती आयोगाच्या आराखड्यातला क्रम होता. इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये 'ई-२०' असं लिहिलेलं असेल तर मेकॅनिकच्या नादी लागू नका, चालवत राहा. 'ई-१०' लिहिलेलं असेल तर पुढचं वाचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तुमच्या चॅसी नंबरवरून लेखी विचारा. तोंडी "काय होत नाय" हे उत्तर वॉरंटीच्या वेळी कामाचं नाही.

इथेनॉल खातं ते जुनं रबर, काही प्रकारचं प्लॅस्टिक, आणि पाणी सोबत असेल तर ॲल्युमिनियम, जस्त, पितळ. टेफ्लॉन, नायलॉन, एचडीपीई, स्टेनलेस स्टील आणि व्हायटॉनला ते काही करत नाही. त्यामुळे ई-१० च्या गाडीत बघायच्या जागा थोड्याच आहेत: इंधनाचे रबरी पाईप, इंजेक्टरच्या ओ-रिंग, टाकीतल्या पंपाच्या झाकणाची सील. पाईप दोन बोटांत दाबून बघा. फुगलेला, चिकट किंवा बारीक तडे गेलेला पाईप बदलाच, आणि बदलताना व्हायटॉनचं अस्तर असलेला, इंधनासाठीचाच पाईप घ्या. बाजारात मीटरवर मिळणारा कुठलाही काळा पाईप चालत नाही. टर्बो गाडीत हे साध्या गाडीपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण टर्बोचा तापून लाल होणारा भाग हातभर अंतरावर असतो.

जुन्या टाकीत वर्षानुवर्षांचा राप बसलेला असतो. इथेनॉल तो सोडवतं आणि फिल्टरकडे पाठवतं. फिल्टर तुंबला की प्रेशर पडतं, आणि बूस्टवर इंधन कमी पडणं हे टर्बो इंजिनाचं मरण आहे. मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं, पिस्टन आणि टर्बाईन भाजून निघतात. फिल्टर बदलून टाका. बऱ्याच नव्या गाड्यांत तो टाकीतल्या पंपाबरोबरच असतो, तेव्हा काम थोडं खर्चिक होतं, पण सोडू नका.

त्यानंतर एक तपासणी करा, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. ओबीडी स्कॅनर लावून 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' हा आकडा बघा. मूळ नकाशापेक्षा ईसीयू किती टक्के जास्त इंधन सोडतोय, ते तो सांगतो. ई-१० ला जुळवलेल्या निरोगी गाडीत ई-२० भरलं की तो चारेक टक्क्यांनी वर सरकायला हवा. अधिक दहा-बाराच्या वर दिसला तर इथेनॉलच्या जोडीला दुसराही रोग आहे: कुठेतरी हवा गळतेय, इंजेक्टर बुजलाय किंवा पंप थकलाय. टर्बोनंतरचे हवेचे पाईप आणि त्यांचे क्लॅम्प आधी बघा, आपल्या हवेत क्लॅम्प गंजून सैल होतात. ज्या गॅरेजवाल्याला हा आकडा वाचता येत नाही, त्याच्याकडून टर्बो गाडीचं इंधनाचं काम करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लग वेळेवर बदला आणि कंपनीने सांगितलेल्याच हीट रेंजचे घाला. ऑइलच्या बाबतीत मालवणकरांनी जास्त जपावं. थंड इंजिनात जळायचं राहिलेलं इथेनॉल आणि पाणी सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं की ते उडून जातं, कारण इथेनॉल ७८ अंशांवर उकळतं. पण धुरीवाड्यातून बाजारात आणि बाजारातून घरी, एवढ्यावरच गाडी फिरत असेल तर ऑइल तापतच नाही. टर्बोचा दांडा त्याच ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असतो. आठवड्यातून एकदा कसालपर्यंत किंवा कुडाळपर्यंत गाडी नीट चालवून आणा, आणि ऑइल किलोमीटर भरायची वाट न पाहता पावसाळा संपला की बदला.

समुद्राकाठची दमट हवा आणि इथेनॉल यांच्याबद्दल बरीच भीती पसरलेली आहे. ती मोटारीच्या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त आणि होडीच्या बाबतीत वाजवीपेक्षा कमी आहे. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. ठराविक मर्यादेपलीकडे पाणी गेलं की मिश्रण फाटतं: वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल, तळाला इथेनॉल आणि पाणी. पंपाचं तोंड टाकीच्या तळाशी असतं, म्हणजे इंजिनाला आधी ते पाणीच मिळणार, आणि नंतर उरलेलं हलकं पेट्रोल टर्बोला खटखटवणार. पण आजच्या मोटारीची टाकी बंदिस्त असते. नुसत्या हवेतल्या दमटपणाने ती फाटण्याइतकं पाणी ओढणार नाही. तारकर्ली-देवबागच्या पर्यटक होड्यांच्या आउटबोर्ड मशीनची टाकी मात्र हवेशी खुली असते, आणि पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवल्या की त्यात पेट्रोल तसंच राहतं. तिथे टाकी रिकामी करून, मशीन कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत चालवून मगच झाकायचं.

मोटारीला खरा धोका पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत शिरणाऱ्या पावसाच्या पाण्याचा आणि घरी कॅनमध्ये भरून ठेवलेल्या पेट्रोलचा. जुलैत मुसळधार पावसानंतर लगेच, टँकर नुकताच खाली होत असलेल्या पंपावर टाकी भरू नका. शंका आली तर पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. घरी इथेनॉलचं प्रमाण बघायचं असेल तर काचेच्या मापाच्या नळीत २० मिलीलिटर पाणी आणि ८० मिलीलिटर पेट्रोल घेऊन हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २० वरून ३६ च्या आसपास गेला तर मिश्रण ई-२० आहे. हे उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब करायचं, आणि ते पेट्रोल परत गाडीत ओतायचं नाही.

मुंबईचे चाकरमानी गाडी गावच्या घरी ठेवून जातात, त्यांनी टाकी अर्धी ठेवू नये. भरलेल्या टाकीत हवा कमी, दमटपणा कमी. तीन महिन्यांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर कुणाला तरी किल्ली देऊन महिन्यातून एकदा ती गरम होईपर्यंत चालवायला सांगा.

एवढं सगळं वाचूनही ज्याला फ्लेक्स करायचंच आहे, त्याने निदान खरं काम काय असतं ते समजून घ्यावं. इंधनाच्या पाईपमध्ये इथेनॉल सेन्सर बसतो. मिश्रणाच्या विद्युत गुणधर्मावरून तो प्रमाण ओळखतो आणि ईसीयूला लहरींच्या रूपात कळवतो, शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ, शंभर टक्क्यांना १५०. ईसीयूमध्ये पेट्रोल आणि इथेनॉल असे दोन मॅप लागतात, आणि सेन्सर सांगेल त्याप्रमाणे दोहोंच्या मधलं गणित करण्याची सोय लागते. मोठे इंजेक्टर, मोठा पंप, सगळे पाईप आणि सील इथेनॉलला टिकणारे. शेवटी डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून जुळणी. यातलं एकही गाळलं तर बाकीच्याला अर्थ उरत नाही. आणि एक धोका व्हिडिओत कुणी सांगत नाही: इथेनॉल नॉकिंगला दाद देत नसलं तरी तापलेल्या प्लगच्या टोकाने किंवा काजळीच्या निखाऱ्याने ते ठिणगीआधीच पेटू शकतं. बूस्ट वाढवलेल्या इंजिनात असं झालं तर पिस्टनला भोक पडायला क्षण पुरतो.

तुमची गाडी कुठल्या इंजेक्शनची आहे यावरही पुष्कळ ठरतं. जिथे इंजेक्टर इनटेकमध्ये असतात, जसं टाटा नेक्सॉनचं १.२ किंवा निसान मॅग्नाइटचं १.० टर्बो, तिथे मोठे इंजेक्टर बसवणं यांत्रिकदृष्ट्या सोपं. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय, ह्युंदाईचं टर्बो जीडीआय किंवा मारुतीचं बूस्टरजेट यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये प्रचंड दाबाने जातं. तो उच्च दाबाचा पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्याची मापं ठरलेली असतात, आणि ई-८५ ला लागणारं जास्तीचं इंधन द्यायला तो अपुरा पडतो.

थंडीत गाडी सुरू न होण्याची इथेनॉलची बदनामी मात्र आपल्याला लागू नाही. त्याची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला साधारण १३ अंश लागतात, आणि मालवणात जानेवारीतही पारा सहसा त्याखाली उतरत नाही.

काजूच्या बोंडांचा रस आंबवून गावठी इंधन करता येईल का, हेही कुणीतरी विचारतंच. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. भट्टीतून कितीही वेळा काढा, ९५-९६ टक्क्यांपुढे नुसत्या ऊर्ध्वपातनाने दारूतलं पाणी निघत नाही. मिश्रणाच्या इंधनाला साडेनव्व्याण्णव टक्क्यांची शुद्धता लागते आणि त्यासाठी कारखान्यात पाणी शोषणारे खास मनोरे असतात. वर महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहेच. बोंडं दुसऱ्या कामाला ठेवा.

दरम्यान कंपन्या फ्लेक्सची तयारी करत आहेत. टोयोटाने ऑगस्ट २०२३ मध्ये इनोव्हा हायक्रॉसचा फ्लेक्स नमुना दिल्लीत दाखवला. दुचाकीत होंडाची सीबी ३०० एफ फ्लेक्स आणि सुझुकीची जिक्सर एसएफ २५० फ्लेक्स या गाड्या ई-८५ पर्यंत चालतील अशा रूपात विक्रीला आल्या. वॉरंटीसकट कंपनीची फ्लेक्स टर्बो मोटार समोर असेल आणि जिल्ह्यात ई-८५ किंवा ई-१०० चा पंप असेल, तेव्हा सत्तर टक्क्यांचा हिशोब पुन्हा मांडा. तोवर पाईप, फिल्टर, प्लग आणि ऑइल यांवर पैसे घाला, आणि रिमॅपवाल्याने फोन केला तर आधी आराईच्या मान्यतेचा कागद मागा.